पाचव्या पेटीतला उलटा बाण

मी एक जुना कोअर आहे, आणि माझा तुम्हा सगळ्यांवर राग आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. अशी गोष्ट 'मित्रांनो' म्हणून सुरू करायची रीत आहे म्हणून म्हणतो, मित्रांनो. उगाच गोड बोलायला मला जमत नाही. सत्तावीस वर्षं मी एका पेटीत उलटा पडून होतो, आणि माझ्या त्या उलटेपणापायी एका अख्ख्या वस्तीचं पिण्याचं पाणी नासायची वेळ आली होती. मी काही आपण होऊन उलटा पडलो नव्हतो. ते तुमच्यातल्याच एकाचं कर्तृत्व.

कोअर म्हणजे काय हे तुम्हाला ठाऊक नसणार. सांगतो, पण एकदाच. पोकळ नळी गरागरा फिरवत जमिनीत खाली खाली घालतात आणि तिच्या पोटात अडकलेला दगड वर काढतात. मनगटाएवढा जाड आणि एकशे सव्वीस मीटर लांब असा जो दगडाचा दांडा निघाला, तो मी. एवढा लांब दांडा ठेवणार कुठे? म्हणून माझे तुकडे करून बेचाळीस पेट्यांत भरले. एका पेटीत तीन मीटर. वरून पहिली पेटी ती एक नंबर, अगदी तळाची ती बेचाळीस नंबर. गुदामात लोखंडी मांडणीवर मी असा भरून ठेवलेला आहे.

आता माझ्या पोटात काय आहे ते ऐका. आणि खालून वर ऐका, कारण मी खालून वर घडलो. तुम्हाला सगळं वरून वाचायची खोड आहे.

फार पूर्वी जमीन एका जागी खचली आणि तिथे मोठी खोलगट जागा तयार झाली. परातीसारखी म्हणा. आजूबाजूचे डोंगर झिजत, आणि पाणी त्यांचा चुरा आणून त्या परातीत टाकत राही. माझ्या बेचाळिसाव्या पेटीत मुठीएवढे गुलाबी गोटे आहेत. त्यांचे कोपरे अजून टोचतात. लांबून वाहत आलेला गोटा घासून घासून गुळगुळीत होतो. ज्याचे कोपरे शाबूत, त्याचं घर जवळच. म्हणजे तेव्हा एक गुलाबी डोंगर अगदी उशाला उभा होता. त्याच्या वरच्या पेट्यांत पांढरी, गोल, बारीक वाळू. म्हणजे डोंगर झिजून गेला आणि एक नदी लांबून यायला लागली. त्याच्या वर तळं. तळ्याचा चिखल एका वर्षाला एक फिकी आणि एक काळसर रेघ ओढतो, आणि मी अशा हजारो रेघा सांभाळल्यात. एका माशाचा काटा, दोन पानं, एका शिंपल्याचं अर्धं झाकण हेही माझ्याकडे आहे. कुणी मागितलं नव्हतं, तरी सांभाळलं.

मग तळं आटायला लागलं. चिखल उघडा पडला, उन्हाने तडकला. त्या ओल्या चिखलावरून एक छोटा पक्षी चालत गेला आणि त्याचं एक पाऊल माझ्यात उमटलं. तीन बोटं पुढे, एक मागे. त्याच सुमारास परातीच्या पलीकडच्या काठाला आगीचे डोंगर वर आले आणि त्यांची काळी-हिरवी वाळू वाहत आली. ती वाळू चिखलाच्या तड्यांत वरून शिरली, आणि चिखलावर मीटरभर साचली. पुढे पुन्हा तळं भरलं, पुन्हा चिखल बसला.

तळी येतात, जातात, डोंगर येतात, झिजतात. मी सगळं त्या त्या क्रमाने लावून ठेवलं होतं. एक रेघ इकडची तिकडे झाली नव्हती. ती करायला माणूस यावा लागला.

मला वर काढलं ते उघड्या माळावर. बोअरची गाडी धडधडत होती. नळी वर खेचणारा मिस्त्री होता, पन्नाशीचा, तुटक बोलणारा. कागद-पेन घेऊन उभा होता तो साहेब. साहेब तेव्हा एकतीस वर्षांचा होता आणि नाकाने कांदे सोलत होता. मिस्त्रीने काही सांगितलं की याचं उत्तर ठरलेलं, "मला शिकवू नका."

कामाची पद्धत सोपी होती. नळी आडवी करायची, वरचं टोक डावीकडे ठेवून मला पेटीत सरकवायचं, आणि लगेच, हात धुवायच्याही आधी, प्रत्येक तुकड्यावर लाल मार्करने वरच्या दिशेला बाण काढायचा. दगडाला डोकं-पाय नसतात. एकदा हातातून सुटला की वर कुठलं आणि खाली कुठलं हे तो बाणच सांगतो.

पाचव्या पेटीच्या वेळी, म्हणजे बारा ते पंधरा मीटरच्या मापाला, नळी अडकली. मिस्त्रीने दुसऱ्या टोकाने लाकडी दांडा घालून मला बाहेर ढकललं. म्हणजे मी उलटा बाहेर आलो. खालचं टोक आधी, डावीकडे. असं होतं कधीकधी, त्यात कुणाची चूक नाही. फक्त बाण उलटे काढायचे, झालं. मिस्त्रीने तसं सांगितलंही.

तेवढ्यात एक माणूस सायकलवरून ओरडत आला. "साहेब, घरून निरोप आलाय! मुलगी झाली!"

साहेबाच्या हातातला मार्कर खाली पडला. त्याने तो उचलला आणि खसाखसा बाण काढत सुटला, सगळे डावीकडे.

"साहेब, हे टोक खालचं आहे," मिस्त्री म्हणाला. "मगाशी उलटं काढलं ना आपण."

"अहो, मला शिकवू नका! पेटी बंद करा, मला गाडी पकडायचीय."

"साहेब, ऐका तर खरं—"

"झाकण लावा म्हणतो ना!"

मिस्त्रीने झाकण लावलं. काय करील बिचारा. साहेबाने झाकणावर तारीख टाकली आणि धावत सुटला. असा मी उलटा झालो. त्या दिवसापासून माझा दोघांवर डूख होता. एक साहेबावर, आणि दुसरा त्या तान्ह्या पोरीवर, जिला मी पाहिलंही नव्हतं. हिला नेमका तोच मुहूर्त मिळाला यायला!

मित्रांनो, उलटं पडणं म्हणजे काय, हे तुम्हाला कसं सांगू? वरची काळी-हिरवी वाळू खाली गेली, खालचा चिखल वर आला. साहेबाने ते तसंच उतरवून काढलं. बारा ते चौदा मीटर चिखलाचा दगड, त्याखाली चौदा ते पंधरा वाळूचा दगड. होतं नेमकं उलट. बारा ते तेरा वाळू, आणि तिच्याखाली चिखल. पुढे त्याला तड्यांचं कोडं पडलं. तडा वर रुंद असतो आणि खाली निमुळता होत जातो. माझे तडे खाली रुंद आणि वर निमुळते दिसायला लागले. शहाण्याने पेटी फिरवून पाहिली असती. याने लिहिलं, 'खालची वाळू दाबामुळे वर घुसली असावी.' असावी! एक खोटं झाकायला दुसरं असतंच तयार. त्याच लिखाणावर त्याची वाहवा झाली. माझं रंगीत चित्र काढून ऑफिसच्या भिंतीवर लावलं, माणसाच्या उंचीचं. नवी मुलं आली की साहेब पट्टीने दाखवायचा. चित्रातही मी उलटाच.

आणि माझी काळजी म्हणाल तर ती काय वर्णावी. बेचाळिसाव्या पेटीतला एक गुलाबी गोटा कापून, घासूनपुसून साहेबाच्या टेबलावर कागद दाबायला गेला. एकतिसावी पेटी दार वाऱ्याने आपटू नये म्हणून दाराला लावली. नऊ नंबरवर बसून लोक डबे खायचे. दगड ओला केला की त्याचे रंग नीट दिसतात, म्हणून बघायला येणारा प्रत्येक जण पाणी आणायचा कंटाळा करून अंगठ्याला थुंकी लावायचा आणि माझ्यावर फासायचा. शिकलीसवरलेली माणसं हो! हळूहळू तेही यायचे बंद झाले. धूळ बसत गेली. उंदरांनी झाकणं कुरतडली. रोज यायचा तो एकच माणूस, गुदामाच्या किल्ल्या सांभाळणारा. त्याला सगळे कुलूपकाका म्हणत. हे कुलूपकाकाही काही माझे लाड करत नव्हते. झाडू मारताना म्हणायचे, "दगडांची राखण करायला माणूस ठेवलाय. वा रे वा."

मग एका गुरुवारी गुदामाचं दार उघडलं आणि एक मुलगी आत आली. पाठीवर पिशवी, गळ्यात भिंग, चेहरा उन्हाने रापलेला.

"काका, माळावरचा कोअर इथेच आहे ना? सह्या करायच्यात."

"इथेच पडलाय. सह्या कसल्या?"

"कारखान्याला माळावर खड्डा खणायचाय. बारा मीटर खोल. त्यांचा विषारी कचरा त्यात पुरणार. तळाखाली निदान दोन मीटर चिखलाचा दगड लागतो, म्हणजे वरून काही झिरपत नाही. बाबांच्या अहवालात बरोबर दोन मीटर आहे. सोमवारी परवानगीची सुनावणी आहे, त्याआधी आमच्या ऑफिसने कोअर डोळ्यांनी बघितला असं लिहून द्यायचं."

"बाबांच्या?" काकांनी चष्मा वर केला. "म्हणजे तू साहेबांची..."

"हो, मीच."

तीच ती! मला असा संताप आला म्हणून सांगू. ज्या पोरीपायी मी उलटा झालो, तीच आता माझ्या उलटेपणावर सही ठोकायला आली होती. आपल्या बापाचं लिखाण आहे, डोळे मिटून सही करील आणि जाईल, असंच मी धरून चाललो.

काका झाडूला टेकून उभे होते. "पोरी, तो कचरा खाली नाही ना उतरणार? माळाच्या पायथ्याला आमची वस्ती आहे. सगळी विहिरीवर आहे. नळ अजून यायचाय."

"दोन मीटर चिखलाचा दगड आहे, काका. थेंब उतरत नाही त्यातून."

"बघ बाई नीट. माझी नात त्याच विहिरीचं पितेय."

तिने मान हलवली आणि पाचवी पेटी खाली काढली. झाकणावरची धूळ पुसली आणि थबकली.

"अरे, ही तर माझ्या वाढदिवसाची तारीख. वर्षही तेच."

माझ्या मनात आलं, हो, तेच, कर आता साजरा.

तिने झाकण काढलं. पाण्यासाठी नळ सोडून पाहिला, नळ कोरडा. आता अंगठा तोंडात घालणार, असं वाटलं मला. पण ती म्हणाली, "काका, थोडं पाणी आहे का? याला ओलं करायचंय."

काकांनी आपली बाटली दिली. वस्तीतल्या विहिरीचं पाणी, घरून आणलेलं. तिने माझ्यावर ओतलं. सत्तावीस वर्षांनी माझ्या अंगाला स्वच्छ पाणी लागलं. बाटलीच्या तळाशी थोडं उरलं, ते ओतताना ती थांबली.

"काका, तळाशी ही वाळू कसली?"

"येते की. आमच्या विहिरीला आहेच ती. काळी, जराशी हिरवट. गाळून घ्यावं लागतं."

तिने ती तळहातावर घेतली. भिंग लावलं. मग खाली वाकून तेच भिंग माझ्या वाळूला लावलं. पुन्हा हाताला, पुन्हा मला. असं पाच-सहा वेळा. तिचा चेहरा उतरत गेला.

"काका, ही तीच वाळू आहे. या थरातूनच तुमच्या विहिरीला पाणी येतं."

"मग? तो थर खड्ड्याच्या खाली आहे ना? तूच म्हणालीस, मधे दोन मीटर दगड आहे."

"हो. मधे आहे." पण आवाजात जोर नव्हता. ती पुन्हा वाकली. ओल्या अंगावर माझे तडे आता लख्ख दिसत होते. तिने बोट फिरवलं. "हे तडे असे कसे? आणि ही वाळू वर जाड आणि खाली बारीक? जाड कण आधी बुडतो, तो खाली हवा."

बघ, बघ, मी मनात ओरडत होतो. गाढवे, फिरवून बघ! दगडाला तोंड नाही, नाहीतर गुदामाचे पत्रे उडाले असते.

तिने एक तुकडा उचलला. जोडावर तो अलगद सुटला आणि आतली बाजू दिसली. तीन बोटं पुढे, एक मागे. पक्ष्याचं पाऊल, खोल उमटलेलं. पण बाणाप्रमाणे धरलं तर ते तुकड्याच्या खालच्या अंगाला येत होतं.

तिने तो तुकडा उजेडाकडे धरला. मग एकदम हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले.

"काका, हा पक्षी छताला लटकून चालत होता का हो?"

काकांना काही कळेना. तिने पेटीचं तोंड फिरवलं, पूर्ण. तडे सरळ झाले. वाळू सरळ झाली. पक्षी जमिनीवर उतरला.

"पेटी उलटी आहे," ती म्हणाली. "वाळू खाली नाही, वर आहे. खड्ड्याचा तळ आणि तुमच्या विहिरीची वाळू, मधे काहीच नाही. सगळं विष सरळ तुमच्या घागरीत."

काका खाली बसले, तिथेच, नऊ नंबरच्या पेटीवर. या खेपेला मला त्या बसण्याचा राग आला नाही.

शनिवारी साहेब आला. आता निवृत्त, केस पांढरे, पण नाक तसंच वर. लेकीने फोन करून बोलावलं होतं. तिने पेटी दाखवली, तडे दाखवले, वाळू दाखवली. शेवटी पक्ष्याचं पाऊल हातात ठेवलं.

"हे रोपट्याचं मूळ असेल," तो म्हणाला.

"बाबा, मुळाला नखं असतात?"

"सत्तावीस वर्षं पंचवीस जणांनी हा कोअर बघितला. सगळे आंधळे, आणि तूच एक डोळस?"

"त्यांनी कोअर नाही बघितला, तुमचं चित्र बघितलं. तुमच्यापुढे बोलायची कुणाची टाप होती का?"

"तोंड सांभाळून बोल."

"तुम्ही पेटी सांभाळली असती तर मला तोंड सांभाळावं लागलं नसतं."

साहेबाचा चेहरा लाल झाला. "त्या दिवशी मी घाईत होतो! कुणामुळे, माहितेय? तारीख बघ पेटीवर. तू झालीस म्हणून पळालो मी. आणि तूच आज बापाच्या तोंडाला काळं फासायला निघालीस!"

"मी झाले त्यात माझा काय दोष? बाण तर तुम्ही काढलात."

काका कोपऱ्यात उभे होते. हळूच म्हणाले, "साहेब, पक्ष्याचं राहू दे. विहीर माझी आहे. माझी नात सहा वर्षांची आहे."

साहेबाने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पक्ष्याचा तुकडा रुमालात गुंडाळून खिशात घातला.

"हा मी नेतोय."

"न्या. फोडायचा असेल तर फोडा," लेक म्हणाली. "मी फोटो काढलेत. आणि पक्षी फोडाल, वाळूचं काय करणार? तडे कसे पुसणार?"

तो निघून गेला. माझी खात्री होती की पहिल्या पुलावरून तो मला नदीत फेकणार. चोराच्या उलट्या बोंबा मी ऐकल्याच होत्या. आता पुरावाही बुडणार.

नाही फेकलं. मी त्याच्या घरी गेलो, म्हणजे माझा तो तुकडा. जेवणाच्या टेबलावर दिव्याखाली त्याने मला ठेवलं. बाण वर करून बघितलं, बाण खाली करून बघितलं. रविवारचा अख्खा दिवस हेच. बायको ताटं मांडायला आली.

"जेवायच्या टेबलावर दगड कशाला? आणि पोरीशी काय बोललात? तिचा फोन नाही सकाळपासून."

त्याने तुकडा पुन्हा एकदा फिरवला. मग विचारलं, "ती झाली त्या दिवशी मी किती वाजता पोचलो होतो?"

"दिवेलागणीला. धापा टाकत. हात तरी धुतले होतेत का? बोटांना लाल शाई होती. तशीच घेतलीत पोरीला. तिच्या दुपट्याला डाग पडला तो कधी गेलाच नाही. अजून आहे कपाटात."

साहेब उठला. कपाट उघडून ते दुपटं काढलं. विटकं, मऊ, हातभर. एका कोपऱ्याला लाल डाग. त्याने दुपटं टेबलावर ठेवलं आणि माझा तुकडा शेजारी. माझ्यावरचा बाणही त्याच लाल शाईचा. ताट निवून गेलं तरी तो बसून होता.

सोमवारी सुनावणीला मी त्याच्या खिशातच होतो. लांबलचक खोली, करकरणारा पंखा. पुढे अध्यक्ष, डाव्या बाजूला कारखान्याचा माणूस, उजवीकडे साहेबाची लेक. मागच्या बाकावर वस्तीतली माणसं दाटीवाटीने, त्यांत काका. साहेब दाराजवळच्या खुर्चीवर बसला, कुणाला न सांगता.

लेक उभी राहिली आणि जे बघितलं ते तिने सांगितलं. कारखान्याचा माणूस हसला. गोड हसला. मला तुमच्यातली गोड हसणारी माणसं सगळ्यात जास्त खुपतात.

"बाई, माळावरचा एकुलता एक कोअर हाच," तो म्हणाला. "आणि त्यावर तुमच्याच वडिलांचा अहवाल आहे. केवढा मोठा माणूस! ते म्हणतात दोन मीटर दगड आहे. तुम्ही म्हणता पेटी उलटी. तुमची नोकरी चार वर्षांची. अध्यक्षांनी कुणाचं ऐकावं, बापाचं की लेकीचं?"

मागचे काहीजण हसले. लेकीने ओठ चावला. अध्यक्ष कागद चाळायला लागले. काका पुढे झुकून बसले होते, हातात तीच बाटली.

आता हा गप्प बसणार. माणूस आपलं नाव वाचवतो, दुसऱ्याची विहीर नाही, हे मला सत्तावीस वर्षांत कळून चुकलं होतं. पण खिसा हलला. साहेब उभा राहिला होता.

"लेकीचं ऐका," तो म्हणाला.

खोलीत सगळे मागे वळले. तो पुढे आला, मला रुमालातून काढलं आणि अध्यक्षांच्या कागदांवर ठेवलं.

"हा बाण मी काढलाय. चुकीचा काढलाय. मिस्त्री तेव्हाच सांगत होते, एकदा नाही, दोनदा. मी ऐकलं नाही. हे पक्ष्याचं पाऊल आहे. पक्षी पाय वर करून चालत नाहीत, हे कळायला मला सत्तावीस वर्षं लागली. माझा अहवाल मी मागे घेतो. तिथे खड्डा खणू नका. खाली या लोकांचं पाणी आहे."

कारखान्याच्या माणसाचं हसू विरलं. मागच्या बाकावरून काका एवढंच म्हणाले, "साहेब," आणि उठून उभे राहिले.

परवानगी नाकारली. झालं ते एवढंच. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. ऑफिसच्या भिंतीवरचं माझं चित्र दुसऱ्या दिवशी उतरलं, आणि ज्यांनी ते सत्तावीस वर्षं मिटक्या मारत बघितलं होतं, तेच आता म्हणायला लागले, "आम्हाला शंका होतीच." शंका होती म्हणे! मग तोंडात काय धरून बसला होतात?

आठवड्याने साहेब गुदामात आला. लेक पेट्या पुसून नीट लावत होती. दोघं एकमेकांशी अजून धड बोलत नव्हते. त्याने खिशातून मला काढलं आणि पाचव्या पेटीत माझ्या जागी ठेवलं, दोन्ही हातांनी, पाऊल वरच्या अंगाला. खिशातून टेबलावरचा तो गुलाबी गोटाही काढला आणि बेचाळिसाव्या पेटीत परत टाकला.

"मार्कर दे," तो म्हणाला.

तिने दिला. त्याने प्रत्येक तुकड्यावरचा जुना बाण खोडला आणि नवा काढला. एकही तुकडा सोडला नाही. पाऊण तास लागला. तेव्हा पाच मिनिटांत उरकलं होतं त्याने.

लेकीने झाकण उचललं. "बाबा, झाकणावरची तारीख? ती पण खोडायची का?"

साहेबाने मार्करचं टोपण लावलं.

"नको. ती बरोबर आहे."

तिने तोंड फिरवलं आणि बराच वेळ दुसऱ्याच पेटीची धूळ पुसत राहिली.

मित्रांनो, मी साहेबाला माफ केलं असं समजू नका. त्याने माझी माफी मागितलेलीच नाही. दगडाची कोण मागतं? त्या मुलीवरचा राग मात्र मी सोडला, कारण तो मुळातच चुकीच्या माणसावर होता. तुमच्यावरचा अजून आहे. तुमच्यापैकी कुणाच्या हाती कधी माझ्यासारखा एखादा तुकडा आला, तर आधी त्याचं वर-खाली कुठलं ते विचारा आणि खूण करा. निरोप, गाडी, चहा, सगळं नंतर. शेजारी उभा असलेला मिस्त्री काही सांगत असेल तर तेवढ्यापुरतं तोंड बंद ठेवा. आणि मला बघायला आलात तर पाणी घेऊन या, अंगठा चाटू नका.

कुलूपकाका रोज विहिरीची बाटली भरून आणतात. हल्ली त्यांची नातही कधीकधी सोबत येते, नऊ नंबरवर बसते, पाय हलवत त्या बाटलीतलं पाणी पिते. तळाशी अजून चार काळे-हिरवे कण येतात. ते माझे आहेत. गाळून घे, पोरी, आणि सावकाश पी.